'व्हेरी गुड' म्हणजे पाव किंमत

प्रगतिपुस्तकावर 'व्हेरी गुड' असा शेरा आला की घरात आनंद होतो. जुन्या ग्रामोफोन रेकॉर्डच्या बाजारात मात्र हाच शेरा मिळालेली तबकडी पूर्ण किमतीच्या जेमतेम पाव हिश्शाला विकली जाते. नुसते 'गुड' म्हटले तर दहा-पंधरा टक्क्यांना! शब्द इतके गोड आणि भाव इतका पडेल, असे का व्हावे? हा शेरा देतात कसा, तो देताना काय पाहिले जाते आणि काय पाहायचे राहून जाते, हे आम्ही तपासू लागलो. तेव्हा लक्षात आले, की हा विषय केवळ गाण्याच्या शौकिनांचा नाही. गुण, श्रेणी आणि शेरे यांच्याशी ज्यांची रोजची गाठ, त्या शिक्षकांना तो चांगलाच ओळखीचा वाटेल.

मुळात शेऱ्याची गरज का पडली? जुन्या रेकॉर्डचा पुष्कळसा व्यापार टपालाने चाले. विक्रेता मासिकात यादी छापी, ग्राहक शेकडो मैलांवरून पैसे पाठवी. तबकडी विक्रेत्याच्या हातात, ग्राहकाच्या हातात फक्त छापील ओळ. अशा बाजाराचे काय होते, याचा विचार जॉर्ज ॲकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणावरून मांडला. मोटार चांगली आहे की खटारा, हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा मधलाच भाव देऊ करतो. त्या भावात चांगली मोटार विकणे मालकाला परवडत नाही; तो बाजारातून बाहेर पडतो. आता बाजारात खटाऱ्यांचे प्रमाण वाढते, भाव आणखी उतरतो, उरलेल्यांतले बरे मालकही निघून जातात. (या कामासाठी ॲकरलॉफना २००१ चे नोबेल पारितोषिक मिळाले, इतर दोघांसमवेत.) रेकॉर्डच्या बाजाराची अशी गत होऊ नये, यासाठी एक समान भाषा लागते. अमेरिकेत १९७४ साली निघालेल्या 'गोल्डमाइन' या संग्राहकांच्या नियतकालिकाने दिलेली भाषा आज जगभर चालते.

तिच्यात वरून खाली अशा पायऱ्या आहेत. 'मिंट' म्हणजे टांकसाळीतून निघालेल्या नाण्यासारखी, सर्व दृष्टींनी निर्दोष, बहुधा कधीच न वाजलेली. 'निअर मिंट' म्हणजे जवळजवळ तशीच. 'व्हेरी गुड प्लस'वर वापराच्या खुणा दिसतात, पण ऐकण्यात अडथळा येत नाही. 'व्हेरी गुड'मध्ये हळू आवाजाच्या जागी खरखर ऐकू येते, काही ओरखडे नखाला लागतात. 'गुड' म्हणजे सुई न अडकता तबकडी शेवटपर्यंत वाजते, एवढीच हमी. खरखर मात्र भरपूर. त्याखाली 'फेअर' आणि 'पुअर': तडा गेलेल्या, वाकलेल्या, अडकणाऱ्या. गंमत म्हणजे पुष्कळसे सावध विक्रेते 'मिंट' हा शब्द वापरतच नाहीत. निर्दोष आहे हे सिद्ध कसे करणार? तेव्हा व्यवहारात सर्वांत वरची पायरी 'निअर मिंट' हीच ठरते.

आता भाव पाहा. 'निअर मिंट'ची किंमत १०० धरली, तर 'गोल्डमाइन'च्या संकेताप्रमाणे 'व्हेरी गुड प्लस'ची ५०, 'व्हेरी गुड'ची २५, 'गुड'ची १० ते १५. दर पायरीला किंमत साधारण निम्मी. ही भूमिती श्रेढी आहे, हे गणिताच्या शिक्षकांच्या लगेच ध्यानात येईल. एखाद्या रेकॉर्डचा 'निअर मिंट' भाव आठ हजार रुपये असेल, तर एका पायरीची चूक म्हणजे चार हजारांची चूक आणि दोन पायऱ्यांची म्हणजे सहा हजारांची. त्यातून ब्रिटनमधील संग्राहकांची भाषा थोडी निराळी. तिथे 'मिंट'नंतर 'एक्सलंट' येते आणि ते साधारण अमेरिकी 'व्हेरी गुड प्लस'च्या जागी बसते. एकाच तबकडीला लंडनमध्ये 'उत्कृष्ट' आणि न्यूयॉर्कमध्ये 'खूप चांगली, अधिक' म्हणतात. शब्दाचा अर्थ शब्दकोशात शोधून उपयोग नाही. तो शिडीवर कितव्या पायरीला टांगला आहे, तेवढेच पाहायचे.

खाचेत काय घडते

ज्यांच्या घरी रेकॉर्ड-प्लेअर कधीच नव्हता, असे शिक्षकही आता वर्गावर आहेत. म्हणून वस्तूची थोडी ओळख करून घेऊ. लाँग-प्लेइंग म्हणजे एल. पी. रेकॉर्ड अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने १९४८ साली बाजारात आणली. व्यास बारा इंच, मिनिटाला ३३⅓ फेरे, एका बाजूला सुमारे वीस मिनिटे. ती व्हिनाइल क्लोराइड आणि व्हिनाइल ॲसिटेट यांच्या सहबहुवारिकाची असते. काळा रंग बहुतेक काजळीचा.

वर्गात एक प्रश्न जरूर विचारा: अशा तबकडीच्या एका बाजूवर किती खाचा असतात? मुले शंभर, हजार, काहीही सांगतील. उत्तर आहे, एक. बाहेरच्या कडेपासून आत गुंडाळत गेलेली एकच खाच. वीस मिनिटांत फेरे होतात ६६७. खाच सुरू होते केंद्रापासून सुमारे १४६ मिलिमीटरवर आणि संपते ६० मिलिमीटरच्या आसपास. ८६ मिलिमीटरांत ६६७ फेरे, म्हणजे दोन लगतच्या फेऱ्यांत अंतर ०.१३ मिलिमीटर. सरासरी त्रिज्या १०३ मिलिमीटर धरून खाचेची एकूण लांबी काढा. ती ४३० मीटर भरते. शाळेच्या मैदानाला एक मोठी फेरी होईल एवढी वाट सुई एका बाजूत चालते.

या वाटेच्या दोन्ही भिंती नागमोडी असतात आणि त्या नागमोडीतच आवाज साठवलेला असतो. बाहेरच्या कडेला सुईखालून खाच सेकंदाला ५१ सेंटिमीटर वेगाने सरकते, आतल्या कडेला केवळ २१ सेंटिमीटर. कारण फेऱ्यांची गती तीच, घेर मात्र कमी. आता १०,००० हर्ट्झचा बारीक, तीव्र स्वर घ्या. त्याची एक लाट बाहेर ५१ मायक्रॉन लांबीची असेल, आत २१ मायक्रॉनची. साध्या गोल टोकाच्या हिरकणी सुईच्या टोकाची त्रिज्या सुमारे १८ मायक्रॉन. वीस-एकवीस मायक्रॉनच्या वळणांत हे टोक नीट शिरू शकत नाही. म्हणून बाजूच्या शेवटच्या गाण्यात झांजेचा किंवा 'स'सारख्या वर्णांचा आवाज फाटल्यासारखा येतो आणि तिथेच खाच लवकर झिजते. तबकडीचा खरा कस पाहायचा तर शेवटचे गाणे लावावे, असे जाणते ग्राहक म्हणतात, त्याला हे कारण आहे.

सुईचा भार दोन ग्रॅमचा. ऐकायला अगदी हलका. पण तो दोन भिंतींवर दोन सूक्ष्म ठिपक्यांपुरता टेकतो. एका ठिपक्याचे क्षेत्रफळ ४० चौरस मायक्रॉन धरून हिशोब केला, तर दाब हवेच्या दाबाच्या तीन हजारपटींहून अधिक निघतो. अशा दाबाखाली एखादा धूलिकण सापडला, तर तो भिंतीत कायमचा रुतून बसतो. व्हिनाइल विद्युतरोधक असल्यामुळे कोरड्या हवेत घासले की त्यावर विद्युतप्रभार साठतो आणि तबकडी धूळ ओढून घेते. म्हणजे मालक ती 'स्वच्छ' कापडाने जितकी पुसेल तितकी आणखी धूळ आणि त्यावर पुन्हा सुई.

डोळ्यांची परीक्षा, कानांचा विषय

विक्रेता रेकॉर्डला शेरा देतो तो बहुधा पाहून. हजार तबकड्या विकायच्या तर प्रत्येकीला चाळीस मिनिटे ऐकणे त्याला परवडत नाही. तो तबकडी तेजस्वी दिव्याखाली तिरकी धरतो आणि फिरवतो. खाचेच्या भिंती गुळगुळीत असतील तर प्रकाशाचा पट्टा झळझळीत दिसतो. झिजल्या असतील तर प्रकाश विखुरतो आणि काळा रंग करडा वाटू लागतो. पद्धत वाईट नाही. १९३० साली बुखमान आणि मायर या दोघांनी तबकडीवर पडलेल्या प्रकाशपट्ट्याची रुंदी मोजून मुद्रित आवाजाची पातळी काढण्याची रीत दाखवून दिली होती. तबकडी पाहून तिच्याविषयी काही कळते, हे खरेच आहे.

पण काय कळत नाही, त्याचीही यादी मोठी आहे. वरवरचे रेषांचे जाळे डोळ्यांत भरते. ते खाचेच्या काठांवर असते आणि सुई बसते खाली, भिंतीच्या मध्यावर. ऐकताना काहीच जाणवत नाही. उलट जड भाराच्या, झिजलेल्या सुईने शंभर वेळा वाजवलेली तबकडी चकचकीत दिसू शकते आणि लावली की प्रत्येक तार स्वर फाटतो. पहिली शेऱ्यात मार खाते, दुसरी बक्षीस घेऊन जाते.

सर्वांत नामी उदाहरण मधल्या भोकाचे. कारखान्यात ते अर्धा मिलिमीटर बाजूला पडले असेल तर डोळ्यांना कळत नाही. पण १०० मिलिमीटर त्रिज्येवर त्यामुळे वेगात ०.५ टक्का वाढ आणि तितकीच घट होते, दर १.८ सेकंदांनी एकदा. अर्ध्या स्वराचे अंतर सुमारे ६ टक्के असते. त्या मानाने हे थोडे, तरीही लांब धरलेल्या षड्जात किंवा पियानोच्या रेंगाळणाऱ्या सुरात हा झोका चांगला जाणवतो. अशी तबकडी अगदी कोरी असली, तर तिला 'निअर मिंट' हाच शेरा मिळणार. तिच्यात वापराचा दोष नाही, जन्मजात दोष आहे आणि शिडी फक्त वापर मोजते. कारखान्याच्या पारदर्शक वेष्टनात सीलबंद राहिलेल्या प्रतीला तर सर्वांत जास्त भाव. ती कोणी ऐकलेलीच नाही; ऐकावी तर सील फोडावे लागते आणि सील फोडले की भाव उतरतो!

आमच्या मते शेऱ्याइतकेच, किंबहुना अधिक मोल विक्रेत्याच्या साध्या निरीक्षणाला द्यावे. आडवा ओरखडा असेल तर दर फेरीला एकदा 'टक्' होते, म्हणजे १.८ सेकंदांनी एकदा. असे दहा 'टक्' ऐकू आले, तर ओरखड्याने दहा फेरे कापले आहेत, ०.१३ गुणिले १०, म्हणजे त्रिज्येच्या दिशेने तो साधारण १.३ मिलिमीटर आहे. 'दुसऱ्या गाण्याच्या सुरुवातीला दहा टक् आहेत' असे लिहिणारा विक्रेता मोजमाप देतो. ते कोणीही ताडून पाहू शकतो. 'व्हेरी गुड प्लस' हे त्याचे मत आहे आणि मत ताडून पाहायला दुसरे मतच लागते.

शिडीवरच्या पायऱ्यांना क्रम असतो, पण त्यांतले अंतर सारखे असेलच असे नाही. तापमानात २० आणि ३० यांतला फरक ३० आणि ४० यांतल्या फरकाइतकाच असतो. 'गुड' ते 'व्हेरी गुड' आणि 'व्हेरी गुड प्लस' ते 'निअर मिंट' यांबद्दल तसे म्हणता येत नाही. म्हणून दहा रेकॉर्डच्या शेऱ्यांची 'सरासरी' काढणे निरर्थक ठरते. (ही गोष्ट अन्यत्रही लागू पडते, पण ते असो.)

हे वर्गात करून पाहण्याजोगे आहे. वीस जुनी पाठ्यपुस्तके जमवा. 'कोपरे मुडपलेले, पाने शाबूत' अशा व्याख्या देऊन पाच श्रेणी ठरवा. दोन गटांनी एकमेकांचे न पाहता शेरे द्यायचे, मग जुळवायचे. जुळणी जास्त निघाली म्हणून लगेच खूष होऊ नका. समजा, दोन्ही गटांनी दोनच श्रेणी वापरल्या आणि वीसपैकी सोळा पुस्तकांना 'चांगले' म्हटले. तर डोळे मिटून चिठ्ठ्या टाकल्या तरी ०.८ × ०.८ अधिक ०.२ × ०.२, म्हणजे ६८ टक्के पुस्तकांबाबत एकमत होईल. सगळ्यांनाच वरचा शेरा वाटला, की शेऱ्यातून कळण्यासारखे फार थोडे उरते. रेकॉर्डच्या बाजारात नेमके हेच होत असते. ज्याला त्याला आपला माल एक पायरी वर दिसतो आणि अनुभवी ग्राहक मनातल्या मनात एक पायरी उतरवून वाचतो. यात नुकसान होते ते नेमका शेरा लिहिणाऱ्या प्रामाणिक विक्रेत्याचे, कारण त्याचीही पायरी उतरवली जाते.

दुर्मिळ म्हणजे काय

शेरा झाला अवस्थेचा. आठ हजार हा मूळ आकडा येतो दुर्मिळतेतून. त्यासाठी प्रत पहिल्या छपाईची की नंतरची, हे ओळखावे लागते. गाणे प्रथम लाखेसारख्या मऊ थरावर कोरतात, त्यावरून धातूचा उलटा साचा, त्यावरून सुलटा 'मदर', तिच्यावरून पुन्हा उलटे ठसे. आणि ठशांखाली गरम व्हिनाइल दाबतात. ठसा झिजतो, म्हणून लोकप्रिय रेकॉर्डसाठी एकामागून एक ठसे करावे लागतात. ब्रिटनच्या ग्रामोफोन कंपनीत ठशाचा क्रमांक तबकडीच्या मधल्या कोऱ्या भागात सांकेतिक अक्षरांत उठवीत. 'ग्रामोफोन लिमिटेड'च्या इंग्रजी संक्षेपातील जी, आर, ए, एम, ओ, पी, एच, एल, टी, डी ही दहा अक्षरे. एकही दुसऱ्यांदा येत नाही. म्हणून जी म्हणजे १, आर म्हणजे २, असे करत टी म्हणजे ९ आणि डी म्हणजे ०. 'जी-आर' दिसले तर बारावा ठसा, 'ए-एच' दिसले तर सदतिसावा. एकही अक्षर पुन्हा न येणारा दहा अक्षरी शब्द मराठीत शोधायला मुलांना सांगा; तासभर वर्ग शांत राहील.

कधी दुर्मिळता चुकीतून जन्माला येते. जून १९६६ मध्ये कॅपिटल कंपनीने बीटल्सची 'येस्टरडे अँड टुडे' ही एल. पी. काढली. वेष्टनावर चौघे खाटकाच्या झग्यात, अंगावर मांसाचे तुकडे आणि मोडलेल्या बाहुल्या. दुकानदारांकडून ओरड झाली, माल परत मागवला आणि खर्च वाचवण्यासाठी पुष्कळ वेष्टनांवर नवे, सोज्ज्वळ चित्र नुसते चिकटवले. संग्राहक आता तीन अवस्था मानतात. पहिली: चिकटवण्यापूर्वीची. दुसरी: चिकटवलेली, नीट पाहिले तर पांढऱ्या कागदाखाली रिंगोच्या काळ्या शर्टाचा त्रिकोण अंधुक दिसतो. तिसरी: वरचे चित्र कोणीतरी सोलून काढलेली. खाली काय आहे हे कळूनही सोलावे की नाही, हा प्रश्न मोठा कठीण, कारण कागद एकदा फाटला की दुसरी अवस्थाही गेली आणि तिसरीही बिघडली.

याच बीटल्सच्या काही अतिशय दुर्मिळ तबकड्या आपल्या देशात तयार झाल्या आहेत. ब्रिटनमध्ये मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या रेकॉर्ड १९६० च्या सुमारास बंद झाल्या. भारतात मात्र वीज न पोचलेल्या घरांत चावीचे फोनो होते आणि त्यांना ७८ चीच तबकडी चाले. त्यामुळे १९६० च्या दशकात कलकत्त्याच्या डमडम कारखान्यात बीटल्सची गाणी ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डवर छापली गेली. आज त्या जगभरचे संग्राहक शोधतात. लाखेची तबकडी हातातून पडली की फुटते, तेव्हा उरल्या किती असतील याची कल्पना करावी. अशा वेळी ग्राहक पायरीचा हट्ट सोडतो; 'गुड' मिळाली तरी धन्य मानतो.

आपल्याकडच्या ७८ च्या रेकॉर्डची परंपरा नोव्हेंबर १९०२ पर्यंत मागे जाते. तेव्हा फ्रेड गेसबर्गने कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले; तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापून बोटीने परत आल्या. १९०८ साली सियालदहला कारखाना निघाला. मुंबईच्या चोरबाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात या रेकॉर्ड अजून हाती लागतात. त्यांची नोंद आणि जपणूक व्हावी म्हणून १९९० साली मुंबईत 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था स्थापन झाली.

एखाद्या शाळेच्या कपाटात किंवा आजोबांच्या ट्रंकेत असा गठ्ठा सापडला, तर तो रद्दीवाल्याला वजनावर देण्याआधी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. पहिली पुसण्याची. ७८ च्या तबकडीत लाख म्हणजे चपडा असतो. पळस, कुसुंब, बोर यांवरच्या किड्यांपासून मिळणारा. सुतार तोच चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून लाकडाला पॉलिश करतात. म्हणजे स्पिरिटच्या बोळ्याने रेकॉर्ड पुसली तर खाचच विरघळेल. ऊर्ध्वपातित पाण्यात सौम्य साबणाचा थेंब टाकून, मऊ कापडाने, खाचेच्या दिशेने पुसावे. मधले लेबल भिजू देऊ नये. तबकड्या उभ्या ठेवाव्या, उन्हापासून दूर, व्हिनाइलची एल. पी. तर बंद मोटारीत दुपारभर राहिली तरी वाकते.

दुसरी गोष्ट सुईची. ७८ ची खाच एल. पी.च्या खाचेहून दुपटीपेक्षा रुंद. तिला सुमारे ७५ मायक्रॉन त्रिज्येचे टोक लागते. एल. पी.ची १८ मायक्रॉनची सुई तिच्यावर ठेवली तर ती भिंतींवर टेकतच नाही. तळाशी साठलेल्या धुळीतून आणि लोखंडी पिनांच्या किसातून फरफटत जाते आणि खरखरीखेरीज फारसे काही ऐकवत नाही. अशा सुईने वाजवून 'गुड' म्हणून काढून टाकलेल्या तबकड्या योग्य सुई लावताच एक-दोन पायऱ्या वर चढतात. म्हणून ७८ च्या रेकॉर्डला शेरा दिला असेल, तर तो कोणत्या सुईने ऐकून दिला हे विक्रेत्याला आधी विचारावे.